गाडी लेट झाली तर हातात काय उरतं? खान्देशातून मुंबईला निघताना रेल्वे, एसटी आणि ट्रॅव्हल्स

मुलाखत, कोर्टाची तारीख, मोठ्या दवाखान्यातली अपॉइंटमेंट. अशा न चुकवता येणाऱ्या कामासाठी मुंबईला निघताना आपण भाडं बघतो आणि किती तास लागतात ते बघतो. माझं म्हणणं आहे, त्याआधी एक गोष्ट तपासा. गाडी रखडली किंवा रद्द झाली तर समोरचा नेमकं काय कबूल करतो?

सुरुवात रेल्वेपासून, कारण बहुतेकांची भिस्त तिच्यावरच. रेल्वे वक्तशीरपणाची जी टक्केवारी सांगते, ती गाडी शेवटच्या स्टेशनात कधी पोहोचली यावरून काढलेली असते. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात थोडा सैल वेळ धरलेला असतो, त्यामुळे भुसावळला पाऊण तास उशिरा आलेली गाडीही मुंबईला वेळेवर पोहोचल्याची नोंद होऊ शकते. आपण खान्देशातले लोक मधल्या स्टेशनांवरचे. पाचोऱ्याच्या फलाटावर ‘गाडी कितली लेट शे भो?’ म्हणत उभ्या असलेल्या माणसाचा तो पाऊण तास त्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही. जर्मनीत तर रद्द झालेल्या गाड्या या हिशोबात धरतच नाहीत. पण तिथे युरोपच्या नियमाप्रमाणे तासाभराच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांना निम्मं भाडं परत मागता येतं. आपल्याकडे उशिरा आलेल्या गाडीत बसलात की रेल्वेच्या नियमाने त्या उशिरापोटी रुपयाही मिळत नाही. तेजस एक्स्प्रेसला 2019 मध्ये तासाच्या उशिराला 100 आणि दोन तासांना 250 रुपये भरपाई सुरू झाली होती, तीही पुढे बंद झाली.

आपल्या कामाचा आहे तो तीन तासांचा नियम. गाडी तुमच्या स्टेशनात तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण पैसे परत, अगदी तत्काळच्या कन्फर्म तिकिटाचेही. अट एवढीच की ई-तिकिटाचा टीडीआर (परताव्यासाठीचा ऑनलाइन अर्ज) गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरायचा आणि खिडकीचं तिकीट तेवढ्याच वेळात खिडकीवर जमा करायचं. इथेच लोक फसतात. मोबाईलवर 2 तास 40 मिनिटं लेट दिसतं, मग 2 तास 55. माणूस घरच्यांशी फोनवर बोलत बसतो, गाडी येते, निघून जाते आणि हक्कही तिच्याबरोबर जातो. तत्काळमध्ये आणखी एक मेख आहे. तिथे उशीर मोजतात तो तिकीट ज्या स्टेशनापासून काढलंय तिथला, बोर्डिंग बदलून चढता तिथला नाही. भुसावळपासून तिकीट काढून जळगावला चढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीच्या तिकिटाला सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांची मुदत असते. मनमाडला गाडी बदलणार असाल तर दोन्ही पीएनआर आधीच जोडून घ्या. पहिली गाडी लेट झाल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कपात न होता मिळतात. ही सोय एप्रिल 2019 पासून आहे, तरी तिकीट काढताना फार थोडे लोक ती वापरतात.

‘मार्ग बदलला’ हा शब्द मात्र ‘रद्द’पेक्षा जपून वाचा. पावसाळ्यात कसारा घाटात काही झालं की मुंबईच्या काही गाड्या जळगावहून सुरत मार्गे वळवतात. जळगावकराला गाडी मिळते, पण पाचोरा आणि चाळीसगावच्या माणसासाठी ती रद्द झाल्यासारखीच. प्रवास करायचा नसेल तर पूर्ण परतावा मिळतो, पण त्यासाठीही टीडीआर लागतो.

मग रेल्वेतही निवड कशी करायची? गाडी निघते कुठून ते बघा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्यात अडकलेल्या पंजाब मेल किंवा पुष्पकवर महत्त्वाचं काम टाकू नका. अमरावती एक्स्प्रेस, सेवाग्राम, विदर्भ या गाड्या विदर्भातून निघतात, त्यांना वाटेत उशीर साचायला अंतरच कमी मिळतं. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारवाल्यांनी पश्चिम रेल्वेचा सुरत मार्गच धरावा. वाट लांबची आहे, पण कसारा घाट लागत नाही.

एसटी टक्केवारीच्या गोष्टी सांगत नाही. बस वाटेत बंद पडली तर कंडक्टरने त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या बसमध्ये बसवून द्यायचं असतं. पैसे परत मिळवण्यापेक्षा पुढे जाता येणं मला जास्त मोलाचं वाटतं, आणि आग्रा महामार्गावर धुळ्याहून बसेसची ये-जा असते म्हणून ते जमतंही. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं भाडं आहे. जळगावहून मात्र अख्खी रात्र बसून काढणं वयस्कर माणसाला झेपत नाही.

खासगी ट्रॅव्हल्सच्या जाहिरातीत सगळ्यात गोड शब्द असतात आणि तिकिटाखालच्या बारीक अक्षरात सगळ्यात कमी जबाबदारी. वेळ अंदाजे, गाडी ऐनवेळी बदलू शकते, आणि बुकिंगचं ॲप म्हणतं आम्ही फक्त मध्यस्थ. बस रद्द झाली तर पैसे येतील, पण रात्री अकराला जळगावच्या अजिंठा चौफुलीवर बॅगा घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाला त्या घडीला गाडी हवी असते.

रेल्वेबद्दल आणखी एक. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार तास लेट झालेल्या गाडीमुळे विमान चुकलेल्या प्रवाशाला भरपाई मंजूर ठेवली. उशीर का झाला हे रेल्वेने सिद्ध करावं, ते जमलं नाही तर पैसे द्यावेत, असं सांगितलं. म्हणून उशिराचे स्क्रीनशॉट आणि नाइलाजाने केलेल्या टॅक्सीची पावती जपून ठेवा.

माझा सल्ला असा. जळगाव-भुसावळकरांनी आदल्या रात्रीची विदर्भातून येणारी गाडी घ्यावी, तीही ई-तिकिटावर. धुळेकरांनी कामाच्या आदल्या दिवशी सकाळची धुळे-मुंबई एक्स्प्रेस धरावी. ती धुळ्यातूनच सुटते, मागचा उशीर घेऊन येत नाही. ती रद्द झालीच तर धुळ्याचं बसस्थानक आहेच. ट्रॅव्हल्स परतीच्या प्रवासाला ठेवा, जेव्हा दोन तास इकडे-तिकडे झाले तरी चालतात.