रोटरीच्या फ्युएल मॅपसाठी इनोव्हेटचा एलसी-२ वाइडबँड

सहा वर्षं खपून ओहायोतल्या हँगरमध्ये बांधलेलं माझं आरव्ही-७ (किटमधून घरी बांधायचं छोटं विमान) आता उडतंय. नाकात माझदाचं १३बी हे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं) आहे. इनटेक मीच वेल्ड केलेला, एक्झॉस्टही घरचाच, त्यामुळे तयार फ्युएल मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता) मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मॅनिफोल्ड प्रेशरचा (इनटेकमधल्या दाबाचा) एकेक खाना स्वतः भरायचा.

सांगलीला आमचे अण्णा शेतावरच्या इंजिनाचा धूर बघून बिघाड सांगायचे. इथे ते जमत नाही. रोटरच्या टोकांवरचे एपेक्स सील कोरडे पडू नयेत म्हणून आम्ही पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतो, तेव्हा धूर फसवतो. शिवाय लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तरी रोटरी बराच वेळ मजेत फिरत राहते. म्हणून वाइडबँड, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारं उपकरण, घेतला.

एलसी-२ हा छोटा कंट्रोलर, त्यावर बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर. मी सेन्सर एक्झॉस्ट पोर्टपासून दोन फुटांवर, पाइपच्या वरच्या अंगाला बसवला. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टनपेक्षा फार तापतो, जवळ बसवलात तर सेन्सर भाजून निघेल. आकडा लॅम्डामध्येच वाचा: १ म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण, १ च्या खाली पेट्रोल जास्त, वर कमी. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा १४.७ हा नेहमीचा आकडा लागू पडत नाही, लॅम्डा १ मात्र १च राहतो.

पैसे वसूल झाले ते लॉगिंगमुळे, म्हणजे आकडे आपोआप नोंदले जातात त्यामुळे. पहिले ४० तास विमानात मी एकटाच. हात स्टिकवर, डोळे बाहेर, मग गेज कोण बघणार? उतरल्यावर लॅपटॉप उघडला की सगळं समोर. १३बीला प्रायमरी आणि जास्त ताकद लागली की उघडणारे सेकंडरी असे इंजेक्टर असतात. डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडताना) मी मॅनिफोल्ड प्रेशरच्या १९ इंचांवरून थ्रॉटल पुढे ढकलला की इंजिन क्षणभर अडखळायचं. मला वाटत होतं, इग्निशन. लॉगमध्ये बघतो तर सेकंडरी उघडताक्षणी लॅम्डा ०.८८ वरून १.२ वर आणि अर्ध्या सेकंदात परत खाली! कोरड्या इनटेकच्या भिंती आधी पेट्रोल पितात, इंजिनाला नंतर मिळतं. स्टेजिंग पॉइंट (सेकंडरी उघडण्याची जागा) वर सरकवला, थ्रॉटल उघडतानाचं जादा पेट्रोल वाढवलं. चौथ्या उड्डाणात तो सुळका गायब. जमिनीपासून ८०० फुटांवर इंजिन अडखळलं की पोटात काय होतं ते ज्याने अनुभवलंय, त्यालाच त्या सरळ रेषेची किंमत कळेल. मी तर हँगरमधूनच बायकोला फोन केला.

आता फुल थ्रॉटलला ०.८५ आणि क्रूझला (सरळ प्रवासात) १.०५ लॅम्डा ठेवतोय.

एक चूक माझी. बाहेरच्या विमानतळांवर मोगॅस (गाड्यांचं पेट्रोल) मिळेना म्हणून चार-पाचदा १००एलएल हे विमानांचं शिसेयुक्त पेट्रोल भरलं. त्यातल्या शिशाने सेन्सर वीसेक तासांत मंदावला, आणि त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवून मी सहा खाने बिघडवून बसलो. तेव्हापासून ट्यूनिंगच्या प्रत्येक उड्डाणाआधी सेन्सर काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करतो. दहा मिनिटं जातात, जाऊ देत. नवा सेन्सर मागवला तर एका ऑनलाइन दुकानाने एलएसयू ४.२ धाडला, कनेक्टरच बसेना. ऑर्डर करताना ४.९ नीट बघून घ्या, आणि एक जादा मागवून ठेवा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वायरिंगसाठी. ग्राउंडच्या वायरी सगळ्या एकाच जागी नेल्या नाहीत तर अ‍ॅनालॉग आउटपुट (व्होल्टेजमधून येणारा आकडा) नाचतं, आणि ते शोधण्यात माझे दोन शनिवार गेले.