खोक्यावर ‘४के’, आत डीव्हीडी प्लेयर : माझे २६ हजार कसे गेले

आमच्याकडे नानांचं एक कपाट आहे. त्यात दीड-दोनशे डीव्हीडी आहेत. नाट्यसंगीताच्या मैफिली, भावाचं लग्न, माझ्या मुलीचं बारसं, आई असताना केलेली गाणगापूरची यात्रा. नाना एक्क्याऐंशीचे. गुडघ्यांमुळे बाहेर जाणं जवळजवळ बंद, म्हणून दुपारी एक डिस्क लावायची आणि चहा होईपर्यंत पाहत बसायचं, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी जुन्या प्लेयरचा ट्रे अडकला तो बाहेरच येईना. त्याच सुमारास भाचा अमेरिकेहून आला आणि त्याने नानांसाठी जंगलातल्या प्राण्यांवरची एक ब्लू-रे डिस्क (दिसायला डीव्हीडीसारखीच, पण चित्र कितीतरी स्वच्छ) आणली. मी ठरवलं, आता ब्लू-रे प्लेयरच घेऊ. त्यावर डीव्हीडीही चालतात, म्हणजे कपाटही कामाला येईल आणि नवी डिस्कही बघता येईल.

नाशिकमध्ये शोधायला लागले तेव्हा कळलं की ही वस्तू दुकानांतून जवळपास गेलेलीच आहे. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नवे प्लेयर काढणं थांबवलं. लोक मोबाइल आणि ओटीटीवर बघतात, डिस्क कोण विकत घेतो? कॉलेज रोडच्या दोन मोठ्या दुकानांत ‘आता येत नाही’ असं सरळ सांगितलं. त्यांचं सांगणं खरं होतं. पण मेन रोडजवळच्या एका गल्लीतल्या दुकानदाराने मात्र व्हॉट्सअॅपवर लगेच कळवलं, “ताई, ४के ब्लू-रे आहे, सगळ्या डिस्क चालतील, या तुम्ही.” ४के म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्र. तो मेसेज मी पुसला नाही, हे माझं नशीब.

दुकानात ५५ इंची टीव्ही लावलेला. त्याखाली चकचकीत काळा प्लेयर, पुढच्या बाजूला निळा दिवा. त्याने रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावर समुद्रातले मासे आले. इतके स्वच्छ की खवले मोजावेत. चित्र सुरू होताना डाव्या कोपऱ्यात क्षणभर ‘यूएसबी १’ अशी अक्षरं आली आणि गेली. मी ती पाहिली, पण त्यांचा अर्थ माझ्या डोक्यात आला नाही. आज कळतं की चित्र टीव्हीच्याच मागे खोचलेल्या पेनड्राइव्हवरून चाललं होतं. खालचा प्लेयर फक्त दिवा लावून ठेवलेला होता. माझी डिस्क मी पर्समध्ये घेऊन गेले होते. “ही लावून दाखवा ना,” म्हटलं, तर म्हणाला, “डेमो पीस आहे ताई, लेन्सवर ओरखडा नको. तुमचा सीलबंद आहे, घरी डोळे झाकून लावा.”

प्लेयर १४,५००. त्यासोबत ‘५.१ होम थिएटर’ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, प्रत्येकातून वेगळा आवाज) म्हणून स्पीकरचा सेट ८,५००. ‘४केसाठी वेगळी लागते’ म्हणून प्लेयर टीव्हीला जोडणारी एचडीएमआय वायर १,२००. पक्कं बिल हवं तर जीएसटीचे वाढतील म्हणाला, म्हणून मी कच्ची पावती घेतली. तिच्यावर एवढंच लिहिलेलं : डिस्क प्लेयर १ नग, स्पीकर सेट १ नग, वायर १ नग. पैसे यूपीआयने दिले.

घरी नानांच्या बारशाची... म्हणजे नातीच्या बारशाची डीव्हीडी छान लागली. नाना खूश. मग भाच्याची डिस्क घातली. आत दोन वेळा खरखर झाली, पडद्यावर ‘अननोन डिस्क’ आलं आणि ट्रे आपोआप बाहेर आला. तीन वेळा तेच.

त्यानंतरच्या आठ दिवसांत दुकानदाराने मला जी कारणं दिली, ती मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. कारण ती कारणं एरवी खरी असतात, फक्त ती माझ्या यंत्राला लागू नव्हती. त्यामुळे कोणाला विचारलं तरी ‘हो, असं असतं’ हेच उत्तर मिळायचं.

पहिलं कारण रीजनचं. “अमेरिकेची डिस्क ना? रीजन लॉक असणार.” डिस्कना रीजन असतात, म्हणजे त्या जगाच्या ठरावीक भागातल्या प्लेयरवरच चालतात, हे खरं आहे. डीव्हीडीत भारत ५ नंबरच्या भागात येतो, ब्लू-रेमध्ये अमेरिका ए भागात आणि भारत सी भागात. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र रीजन नसतो. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, कव्हरच्या मागे षटकोनात अक्षर असतं ते बघ.” चष्मा लावून बघितलं तर ए, बी आणि सी तिन्ही छापलेले. म्हणजे ही डिस्क जगात कुठेही चालायला हवी.

हे सांगितल्यावर दुसरं कारण आलं, फर्मवेअरचं, म्हणजे प्लेयरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं. नव्या डिस्कसाठी ब्लू-रे प्लेयर कधीकधी अपडेट करावा लागतो, हेही खरं. “त्याला नेट लागतं ताई.” पण तुम्हीच तर सांगितलंत वाय-फाय आहे! तर म्हणे, “वाय-फाय रेडी आहे.” रेडी म्हणजे काय? वाय-फाय आत नाही, यूएसबीच्या खाचेत वेगळा डोंगल (वाय-फायचा छोटा तुकडा) लावला तर चालेल. डोंगलचे १,८००. मी तेही दिले. नाना रोज विचारत होते, “लागली का गं ती वाघाची?” आणि मला वाटत होतं की आता एवढ्याने काम होईल. डोंगल खोचला, काहीच झालं नाही. प्लेयरच्या मेनूमध्ये नेटवर्क नावाची ओळसुद्धा नव्हती. ती यूएसबीची खाच फक्त पेनड्राइव्हवरची गाणी वाजवायला होती.

शेवटी शेजारच्या काकांनी सातपूरच्या एका मेकॅनिकला बोलावलं. तीस वर्षं टीव्ही आणि साउंडचं काम करणारा माणूस. त्याने स्क्रू ड्रायव्हर काढलाच नाही. आधी खोकं मागितलं. खोक्यावर तळहाताएवढं ‘४के’. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘टीव्ही कम्पॅटिबल’. म्हणजे हा प्लेयर ४के टीव्हीला जोडता येतो. एचडीएमआय असलेला कुठलाही प्लेयर जोडता येतो! बाजूला ‘१०८०पी अपस्केलिंग’. निळ्या रंगाची एक चकचकीत डिस्क काढलेली, पण ब्लू-रेचं अधिकृत चिन्ह खोक्यावरही नाही आणि यंत्रावरही नाही. मग त्याने माहितीपुस्तिकेचं चौथं पान उघडून माझ्यापुढे धरलं. चालणाऱ्या डिस्क : डीव्हीडी, व्हीसीडी, सीडी. संपलं. ते पान पहिल्या दिवसापासून आमच्या घरात होतं.

अपस्केलिंग त्याने फार सोपं करून सांगितलं. आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाख चौदा हजारांच्या आसपास ठिपके असतात. ब्लू-रेत १९२० गुणिले १०८०, पाचपट. ४केमध्ये ३८४० गुणिले २१६०, वीसपट. “ताई, चौकातल्या फ्लेक्सवर कार्यकर्त्याचा पासपोर्ट फोटो मोठा करून लावतात ना, तसं हे. मोठा होतो, पण चेहऱ्यावर जे नव्हतं ते कुठून येणार?” आणि ब्लू-रे वाचण्याचा प्रश्नच नव्हता. डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरने वाचतात, ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लागतो. त्यावरच्या रेघा इतक्या बारीक की एका थरात ४.७ जीबीऐवजी २५ जीबी मावतात. ज्या यंत्रात तो लेसरच नाही, त्यात अपडेट करून तो कसा येणार?

मग स्पीकर. मला वाटलं होतं निदान ते तरी बरे आहेत, आवाज दणदणीत होता. त्याने पिशवीतून स्वतःची टेस्ट डिस्क काढली. त्यात एक बाई एकेका स्पीकरचं नाव घेते आणि आवाज फक्त त्याच स्पीकरमधून यायला हवा. ती ‘लेफ्ट’ म्हणाली तेव्हा मी मागच्या डाव्या डब्याला कान लावून बसले होते. तिथूनही आवाज, पुढच्या डाव्यातूनही, मधल्यातूनही. त्याने अॅम्प्लिफायर उलटा केला. मागे फक्त एक लाल पिन आणि एक पांढरी पिन. या दोन पिनांतून दोनच चॅनल, म्हणजे दोनच वेगळे आवाज, जातात, उजवा आणि डावा. प्लेयरच्या मागे कोअॅक्सियलची नारिंगी पिन होती, तिच्यातून खरा ५.१ डॉल्बी डिजिटल, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलचा आवाज, बाहेर येत होता, पण तो घ्यायला समोर ना कोअॅक्सियल, ना ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या वायरची खाच), ना एचडीएमआय. पाच डबे आणि एक सबवूफर, सगळे मिळून दोन चॅनल वाजवत होते. खोक्यावरचे ‘१२,००० वॅट पीएमपीओ’ त्याने बोटाने झाकले आणि म्हणाला, हा फुगवलेला आकडा कधीच वाचू नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, किती ते विचारा. मागच्या पट्टीवर आरएमएस होता ४० वॅट.

ऑप्टिकल वायरबद्दल त्याने आणखी एक सांगितलं, ते खरा ब्लू-रे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. ऑप्टिकलमधून साधा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातो. ब्लू-रेवरचे जास्त बारकाव्याचे आवाज, म्हणजे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, त्यात मावत नाहीत, त्यांना एचडीएमआयच लागते. दुकानदार ‘ऑप्टिकल आहे, सगळं चालतं’ म्हणाला तर तिथेच थांबवा. टीव्हीच्या रिमोटवर माहितीचं बटण असतं, ते दाबलं की टीव्हीला नेमकं काय येतंय आणि कुठून येतंय ते दिसतं. मी त्या दिवशी दुकानात ते दाबायला लावलं असतं तर ‘यूएसबी’ पुन्हा दिसलं असतं.

जाता जाता त्याने नानांचा जुना प्लेयर उघडला. ट्रेचा रबरी पट्टा सैल पडला होता. नवा घातला, २५० रुपये घेतले. तो प्लेयर आजही चालतो.

दुकानदार आधी हसला, मग ‘पावतीवर कुठे ब्लू-रे लिहिलंय?’ म्हणाला. कच्ची पावती त्याने याचसाठी दिली होती. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. व्हॉट्सअॅपचा मेसेज, यूपीआयची नोंद, खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि पुस्तिकेचं ते पान जोडलं. त्याच मेसेजची प्रत घेऊन भावासोबत दुकानात गेले आणि पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली. बाराव्या दिवशी प्लेयर आणि वायरचे १५,७०० परत आले, दोन भागांत. स्पीकर आणि डोंगलचे १०,३०० द्यायला त्याने साफ नकार दिला. म्हणे स्पीकर वाजतायत ना?

त्या पैशांसाठी मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ज्यांच्याकडे असेच ‘४के’चे खोके आहेत त्यांनी ते टाकून देऊ नका, रद्दीवाल्यालाही देऊ नका. माझ्या तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोग त्या खोक्याचाच झाला. ते आता नानांच्या कपाटावर ठेवलेलं आहे, शेजारी भाच्याची न लागलेली डिस्क. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.