मेलचिंप की सबस्टॅक : कोणाला काय सोयीचे?

ग्राहकांना किंवा वाचकांना ईमेलने पत्रे पाठवण्याच्या या दोन सेवांची तुलना नेहमी होते, पण मुळात त्यांचे धंदेच वेगळे आहेत. २००१ साली सुरू झालेले आणि २०२१ मध्ये इंट्यूट या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतलेले मेलचिंप हे दुकानदाराचे साधन आहे : ग्राहकांचे गट पाडणे, अर्धवट सोडलेल्या खरेदीची आठवण आपोआप पाठवणे, एकाच मेलचे दोन मथळे थोड्या लोकांवर तपासून सरस ठरलेला बाकीच्यांना धाडणे, ही कामे ते चोख करते. त्याचे शुल्क मात्र यादीतील नावांच्या संख्येवर ठरते, आणि ज्यांनी मेल घेणे बंद केले आहे त्यांची नावे अर्काइव्ह केली नाहीत, म्हणजे बाजूला काढून ठेवली नाहीत, तर तीही त्या संख्येत धरली जातात. हा हिशेब मला पटत नाही.

२०१७ साली आलेल्या सबस्टॅकवर लिहायला बसले की समोर कोरे पान असते, बाकी पसारा नाही. मोफत पत्राला खर्च शून्य. सशुल्क वर्गणीतून कंपनी १० टक्के घेते, शिवाय वर्गणीचे पैसे ज्या स्ट्राइप या ऑनलाइन सेवेमार्फत जमा होतात, तिचे शुल्क वेगळे. खरी अडचण इथेच आहे, कारण भारतात स्ट्राइपचे नवे खाते २०२४ पासून निमंत्रणाशिवाय मिळत नाही. त्यामुळे पुण्यात बसून मराठी वाचकांकडून वर्गणी घेऊ पाहणाऱ्याला सबस्टॅकचा निम्मा उपयोग उरतो.

तरीही केवळ लेखनच करायचे असेल, तर मी सबस्टॅकच सुचवीन. वस्तू विकायची असेल, तर मेलचिंपला पर्याय म्हणून त्याचा विचारही करू नये.