निळ्या डायलचं सिको

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं, तेव्हा बाबांचं सिको फाइव्ह हे मनगटी घड्याळ कपाटाच्या खालच्या खणात होतं. पाणी ओसरल्यावर सगळा चिखल उपसला, पण ते मिळालं नाही. मामा कुवेतला नोकरीला होता. १९७९ मध्ये पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याने ते आणलं होतं. त्या काळी आखातातून कोकणात येणाऱ्या माणसाच्या बॅगेत अत्तराची बाटली, टेपरेकॉर्डर आणि सिको असायचंच. ना सेल, ना चावी. मनगटावर असेल तोवर चालणार, काढून ठेवलं की दुसऱ्या दिवशी थांबणार. निळी डायल होती त्याची.

गेल्या वर्षी बाबांना पंचाहत्तरावं लागलं. तसंच घड्याळ त्यांना द्यायचं म्हणून मी शोधायला लागलो आणि त्या शोधात फसलो. रक्कम सहा हजार आठशेच, पण ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत रोज कुणावर तरी वापरली जातेय, म्हणून सगळं लिहितोय.

समाजमाध्यमांवर जुनी घड्याळं विकणारा एक जण सापडला. फोटोतलं घड्याळ डोळ्यांत भरण्यासारखं होतं. मोरपिशी निळी डायल, कुठे डाग नाही, ओरखडा नाही. तो म्हणाला, "१९६८ चा पीस आहे सर, सगळं ओरिजिनल. दुकानात पडून राहिलेला जुना स्टॉक, कुणी हाताला बांधलेलाच नाही." ऑटोमॅटिक आहेच, पण चावी देऊनही भरता येतं, म्हणाला. वॉटरप्रूफ आहे, म्हणाला. मी पाठीचा फोटो मागितला. "पॅक करून ठेवलंय सर, दोन गिऱ्हाइकं मागे लागलीत, तुम्ही सांगा काय ते." मी तिथेच थांबायला हवं होतं. यूपीआयने पैसे पाठवले.

घड्याळ आलं. बाबांनी ते हातात घेतलं, खिडकीशी गेले, उजेडात तिरकं धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या घड्याळावरचा 'फाइव्ह'चा पाच वेगळा बसवलेला होता रे. उन्हात त्याची सावली पडायची. हा रंगवलाय." एवढंच बोलून त्यांनी ते मनगटावर चढवलं, मला वाईट वाटू नये म्हणून. आठ दिवसांत लक्षात आलं की ते दिवसाला सात मिनिटं मागे पडतंय.

बाजारपेठेतल्या जुन्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पण डायलकडे पाहिलंच नाही. आधी घड्याळ उलटं केलं. पाठीवरची अक्षरं झिजून जेमतेम वाचता येत होती. "कुणी हाताला बांधलं नाही, तर पाठ कशाने घासली?" मग मला भिंग देऊन अंक वाचायला लावले. सुरुवातीला ७००९, म्हणजे मशीनचा क्रमांक. हे मशीनच मुळी सत्तरच्या दशकातलं, १९६८ मध्ये नव्हतंच. खाली सहा अंकी अनुक्रमांक होता. त्या काळच्या सिकोत त्याचा पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला अंकाऐवजी इंग्रजी ओ, एन, डी ही अक्षरं. माझ्या घड्याळावर आठ आणि तीन होते. म्हणजे मार्च १९७८ किंवा मार्च १९८८. पाठीचा फोटो त्याने का दिला नाही, ते तेव्हा कळलं.

आणि चावी? ७००९ ला चावी देऊन भरायची सोयच नाही. ते हलवूनच भरायचं. विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

काकांनी झाकण उघडलं. ज्वेल म्हणजे चाकांच्या टोकांशी बसवलेले बारीक खडे. मशीनवर 'सतरा ज्वेल' असं कोरलेलं, डायलवर मात्र 'एकवीस' छापलेलं. काटे काढून डायल उचलली तर ती सहज सुटून हातात आली. डायलला मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनमध्ये बसतात. हिचे पाय कापलेले होते. दुसऱ्याच घड्याळाची डायल, रंग खरवडून पुन्हा रंगवलेली, वर अक्षरांचा छाप मारलेला, आणि मशीनवर चक्क डिंकाने चिकटवलेली. अस्सल डायलच्या तळाशी, सहाच्या खुणेजवळ, भिंगाशिवाय दिसणार नाहीत इतके बारीक अंक असतात. त्यातले पहिले चार सहसा मशीनच्या क्रमांकाशी जुळतात. माझ्या डायलवर तिथे काहीच नव्हतं.

जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे ऐकून मला फार लागलं. कारण याच मुंबईत बंद पडलेल्या घड्याळांना जिवंत करणारे कारागीर आहेत, आणि डायल नव्याने रंगवणं हेही प्रामाणिक काम आहे. गिऱ्हाइकाला सांगून केलं तर त्यात काही गैर नाही. "रंगवलेली डायल, जोडकाम केलेलं घड्याळ, दोन हजार" असं म्हणून कुणी विकलं तर मी आनंदाने घेईन. माझा राग त्याला 'ओरिजिनल' म्हणण्यावर आहे.

काकांनी एक गोष्ट फार नीट समजावली. सिकोने १९५९ मध्ये स्प्रिंग भरणारी मॅजिक लिव्हर आणली. त्यात रोटर, म्हणजे हात हलला की आत फिरणारं वजन, कुठल्याही दिशेला फिरला तरी स्प्रिंग भरते, आणि भाग अगदी थोडे. त्यामुळे ही मशीनं वीस-वीस वर्षं तेल न घालताही चालत राहतात. याच मजबुतीवर हा धंदा उभा आहे. आत तेल वाळून चिकट झालेलं असतं, पण हलवलं की घड्याळ टिकटिकतं, सेकंदकाटा सरकतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं उत्तम चाललंय. म्हणून विकणाऱ्याने पाठवलेला 'चालू आहे' असा वीस सेकंदांचा व्हिडिओ काहीही सिद्ध करत नाही. चोवीस तासांत किती पुढेमागे होतं ते विचारा, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते विचारा, उघड्या मशीनचा फोटो मागा. वॉटरप्रूफ म्हटलं तर विश्वास ठेवूच नका. इतक्या वर्षांत आतलं रबर कडक होऊन गेलेलं असतं.

आता मी किंमत वेगळ्या नजरेने करतो. पिवळी पडलेली, कडेला डाग असलेली पण मूळची डायल मला चकाचक डायलपेक्षा जास्त मोलाची वाटते. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घराच्या, कडा पॉलिश करून गोल झाल्या असतील तर पैसे कमी. जुन्या धाटणीचं नवं ऑटोमॅटिक घ्यायचं असेल तर मशीनचं नाव विचारावं. एनएच३५ किंवा मियोटा ८२१५ असेल तर दुरुस्ती आणि सुटे भाग मिळतात. नुसतं 'जपानी मशीन' लिहून नाव सांगत नसेल तर मी पुढे जातो. माझ्या घड्याळाची काकांनी केलेली किंमत दीड हजार, तीही मशीन अस्सल म्हणून.

त्या विक्रेत्याला मी सगळे फोटो पाठवले. त्याने मला ब्लॉक केलं. १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, पण माझ्याकडे ना बिल, ना पत्ता. सायबर फसवणुकीच्या १९३० वर तर अकराव्या दिवशी फोन केला. तिथे लगेच कळवलं तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. मी आधी त्याला समजावण्यात दिवस घालवले.

काकांनी मशीन साफ करून तेल दिलंय. आता ते दिवसाला वीसेक सेकंदच चुकतं, आणि बाबा ते रोज बांधतात.

गेल्या आठवड्यात वेगळ्या नावाच्या खात्यावर तोच फोटो दिसला. तीच मोरपिशी निळी डायल, काटेही त्याच जागी. '१९६८, ऑल ओरिजिनल, एकच पीस.' किंमत सात हजार दोनशे. पाठीचा फोटो नाही.