कोंबड्यांसाठी कर्ज: पहिला हप्ता कधी आणि पहिलं अंडं कधी?

पन्नास-शंभर कोंबड्यांचा धंदा सुरू करायला भांडवल बेताचंच लागतं आणि जागा त्याहून कमी. म्हणून छोटं कर्ज हाती आलं की खेड्यातल्या कुटुंबाला कोंबड्या आधी सुचतात. कर्ज घेणारा पहिल्यांदा विचारतो तो व्याजाचा दर. मी बचत गटाची हिशेबाची वही बरीच वर्षं लिहिते आहे, आणि माझं मत असं झालंय की व्याजाआधी हप्त्याची तारीख विचारावी. व्याज थोडं चढं असलं तर नफा घटतो. हप्ता अवेळी आला तर कोंबडीच विकावी लागते, तीही अंड्यावर यायच्या आधी.

कोंबडी पैसे कधी देते

ब्रॉयलरचा, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीचा, फेरा सगळ्यात छोटा. एक दिवसाचं पिल्लू 35 ते 42 दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतं आणि तोवर सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य संपवतं. सहा आठवडे नुसता खर्च, मग पक्षी उचलले की एकदम सगळा पैसा.

लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, 18 ते 20 आठवडे फक्त खाते. त्यानंतर मात्र जवळजवळ रोजचं अंडं, चांगल्या जातीत वर्षाला 300 च्या आसपास. गावरान कोंबडी वर्षाला 40 ते 60 अंडी देते, मधेच खुडूक होते, 21 दिवस अंड्यांवर बसते आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लं घेऊन फिरते. तिचं उत्पन्न थोडं आणि विखुरलेलं, पण ती बरंचसं स्वतःच टिपून खाते. ब्रॉयलर आणि लेयरमध्ये एकूण खर्चाचा 60 ते 70 टक्के भाग खाद्यातच जातो, हा फरक कर्ज घेताना फार मोठा ठरतो.

गटकर्ज, आठवड्याचा हप्ता

ही पद्धत बांगलादेशातून जगभर गेली. मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये जोब्रा गावात सुरू केलेल्या प्रयोगातून 1983 मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. तारण नाही, पाच-पाच जणींचे गट, वर्षाची मुदत आणि दर आठवड्याला हप्ता. ज्यांना कुठलीच बँक दारात उभं करत नव्हती त्यांच्या हाती रोख रक्कम आली, हे मोठंच काम झालं.

अडचण पहिल्या हप्त्याची आहे. तो साधारण एक-दोन आठवड्यांतच सुरू होतो. लेयरची एक दिवसाची पिल्लं आणली तर पहिलं अंडं दिसेपर्यंत 52 पैकी 18-20 हप्ते भरून झालेले असतात. ते पैसे मजुरीतून येतात, दुधातून येतात, नाहीतर त्याच कर्जातून जातात. कर्जातून जायला लागले की खाद्यात काटछाट सुरू होते. तलंगांचं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांचं, वजन मागे पडतं, त्या अंड्यावर उशिरा येतात, आणि त्या उशिराचे हप्ते पुन्हा खिशातून.

कोलकात्यात संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. त्यांचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींचा पहिला हप्ता दोन आठवड्यांनी ठेवला, काहींचा दोन महिन्यांनी. ज्यांना दोन महिने मिळाले त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला, आणि सुमारे तीन वर्षांनी त्यांचा नफाही जास्त होता. पण त्यांच्यात थकबाकीही जास्त निघाली. कर्ज देणाऱ्या संस्था ही सवलत द्यायला का कचरतात ते यावरून कळतं. तरीही मागून पाहावी, निदान विचारावं तरी.

घरात आठवड्याला दुसरीकडून थोडेफार पैसे येत असतील तर हे कर्ज झेपतं. त्यावर लेयर पाळायच्याच असतील तर पिल्लं न घेता सोळा आठवड्यांच्या तयार तलंगा घ्या. महाग पडतात, पण महिन्याभरात अंडी सुरू होतात आणि हप्ता अंड्यांतून निघू लागतो. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं कोंबडीपालनाची कामं अशीच वाटून दिली होती: काही जणी पिल्लं दोन महिन्यांची करून विकायच्या, काही जणी ती घेऊन अंडी काढायच्या, काही लस टोचायच्या, काही खाद्य विकायच्या. कुणाही एकीला सगळा काळ कर्जाच्या पैशावर काढावा लागत नव्हता.

बचत गटाचं कर्ज

इथे पैसा सभासदांचाच, आणि परतफेड कधी करायची हे बैठकीत ठरवता येतं. केअर या संस्थेनं 1991 मध्ये नायजरमध्ये सुरू केलेले गावातले बचत-कर्ज गट याच तत्त्वावर आफ्रिकाभर पसरले. व्याज गटातच राहतं आणि वर्षअखेरीला वाटून परत घरी येतं. मला ब्रॉयलरच्या पहिल्या बॅचसाठी हेच कर्ज सर्वांत योग्य वाटतं.

आमच्या वहीत एका ताईंचं पान आहे. 50 पिल्लं, परतफेड सातव्या आठवड्यात एकरकमी. मधल्या सहा रकान्यांत नुसत्या आडव्या रेघा आणि सातव्यात मुद्दल व्याजासकट. त्या रेघांच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देण्याच्या जागेत, 33-35 अंश ऊब लागते, पण ताईंकडे तापमापक नव्हता, त्या पिल्लांकडे बघून ठरवत होत्या. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली की दिवा खाली, पंख सोडून चोची उघडून कडेला गेली की दिवा वर. एक पिल्लू उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि गळ्याखालची पिशवी चाचपायला सांगितली. भरलेली, मऊ. "खाल्लंय," म्हणाल्या. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात हप्ता नव्हता, म्हणून रात्री दोनदा उठणं जमत होतं.

उणीव एकच, पण मोठी: गटाकडे रक्कम थोडी असते आणि सगळ्यांना ती एकाच वेळी हवी असते. 50 पक्ष्यांवरून 300 वर जायचं तर गट पुरा पडत नाही.

व्यापाऱ्याची उधारी

पिल्लं आणि खाद्य उधार, पक्षी विकले की वजावट. परतफेडीची वेळ इथे कोंबडीशी तंतोतंत जुळते, म्हणून अनेकांना हे कर्ज वाटतच नाही. पण व्याज खाद्याच्या भावात असतं. रोखीत पोतं कितीला आणि उधारीत कितीला, यातला फरक सहा आठवड्यांचा धरून वर्षाचा दर काढा. पक्षी कुणाच्या काट्यावर तोलले जाणार हेही आधी ठरवा. करार पद्धतीत पिल्लं-खाद्य कंपनीचं आणि तुम्हाला किलोमागे मोबदला मिळतो, पण शेडचं कर्ज तुमचंच राहतं. ते कर्ज मोठं आणि लांब मुदतीचं असतं, त्याचा विचार वेगळा करायला हवा.

व्याजाचं एक कोडं

"बारा टक्के" ऐकलं की सपाट दर की घटत्या शिलकीवर, हे विचारा. सपाट दरात पूर्ण रकमेवर वर्षभर व्याज लागतं, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, म्हणजे सरासरीने निम्मीच रक्कम तुमच्याकडे असते. त्यामुळे सपाट बारा टक्के प्रत्यक्षात 21-22 टक्क्यांच्या घरात जातात. घटत्या शिलकीवरचे अठरा टक्के त्यापेक्षा स्वस्त पडतात.

दुसरं उत्पन्नच नसेल तर

तर माझं स्पष्ट मत आहे, कर्ज घेऊ नये. इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को, बोस्निया या सहा देशांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष 2015 मध्ये एकत्र मांडले गेले. छोट्या कर्जांमुळे काहींचे धंदे वाढले, पण कुटुंबाचं सरासरी उत्पन्न पालटलं असं कुठे दिसलं नाही. अगदी हलाखीतल्या घरांसाठी ब्रॅकने 2002 पासून वेगळी वाट धरली: कर्जाऐवजी पाळीव जनावरं, काही काळ खर्चाला पैसे आणि नियमित भेटी. अशा कार्यक्रमाची सहा देशांत पाहणी झाली आणि एकंदर परिणाम चांगले निघाले. होंडुरासमध्ये मात्र कोंबड्या रोगानं मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि कुटुंबांची मालमत्ता वाढली नाही.

म्हणजे पैसा फुकट मिळाला तरी मर आवरली नाही तर हाती काही राहत नाही, मग तो कर्जाचा असेल तर काय होईल. लस नसलेल्या कळपात मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, शिरली की दहापैकी आठ-नऊ पक्षी जाऊ शकतात, आणि हप्ता तसाच चालू राहतो. लसीची छोटी कुपीसुद्धा बहुधा 100 पक्ष्यांची असते. ती एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, वीस पक्ष्यांच्या घराला एकट्याने परवडत नाही. म्हणून पिल्लांची मागणी नोंदवण्याआधी शेजारच्या चार-पाच घरांशी बोलून घ्या: पिल्लांच्या सातव्या दिवशी सकाळी लसीची कुपी कोण आणणार, बर्फात कशी आणणार, आणि पहिल्यांदा कुणाच्या दारात उघडणार.