बटण दाबताच वाजणारा अ‍ॅम्प

गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प, घरी आणून बटण दाबलं आणि तो त्याच क्षणी वाजला. मी खूश! जाळीमागच्या चारही ट्यूब (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या, आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) एकदम नारिंगी उजळल्या. कुठे घरघर नाही, शिट्टी नाही. तासाभराने मागे हात लावून पाहिला तर सगळं गार. "बघ, नवीन बनावट कशी असते," असं मी घरात दोनदा तरी म्हणालो असेन. यातली एकेक गोष्ट माझ्या मूर्खपणाचा पुरावा होती, हे कळायला पाच आठवडे गेले.

मला हवा होता तो आवाज साठच्या दशकातला, व्हॉक्स कंपनीच्या एसी३० या ट्यूब अ‍ॅम्पचा. शॅडोज आणि बीटल्स या बँडच्या हातचा तो खणखणीत, वरच्या पट्टीत चमकणारा आवाज. आणि पुढे क्वीन बँडच्या ब्रायन मे याने त्याच अ‍ॅम्पच्या तोंडाशी ट्रेबल बूस्टर (वरचे सूर जोरकस करणारी डबी) लावून काढलेला जाड, गाणारा आवाज. स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या चार ईएल८४ पॉवर ट्यूब, विजेचा एसीचा डीसी करणारी जीझेड३४ रेक्टिफायर ट्यूब, आवाज आवरून धरणारा निगेटिव्ह फीडबॅक नाही, आणि सेलेस्टियनचे अल्निको चुंबकाचे दोन बारा इंची स्पीकर. जोरात वाजवलं की आतला व्होल्टेज किंचित बसतो, सूर दबतो आणि मग फुलून वर येतो. बोटांना ते जाणवतं. माझं वेड त्या जाणवण्याचं होतं.

जुना अस्सल अ‍ॅम्प घ्यायचा तर त्यातले सुकलेले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलत बसायची हौस हवी. कंपनीची आजची आवृत्ती तीस किलोच्या वर जाते आणि ट्यूब फुटायला लागेपर्यंत (म्हणजे ताण येऊन त्यांचा सूर खरखरीत होईपर्यंत) आवाज वाढवला की शेजारी दार वाजवतात. "मग पंधरा वॉटचा घे" असा सल्ला मिळाला. पण तीसाचे पंधरा केल्याने फरक पडतो फक्त तीन डेसिबलचा. आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावं लागतं. म्हणजे पंधरा वॉटही खोलीत पुष्कळच झाले. दुधाची तहान ताकावर भागवायची माझी पूर्ण तयारी होती. फक्त ताक तरी खरं हवं होतं.

अशा वेळी ओळखीतल्या ओळखीतून एक गृहस्थ भेटले. साठच्या दशकातले अ‍ॅम्प हाताने बनवून देतात, अशी ख्याती. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी तिथेच पकडायला हवं होतं: "मास्टर व्हॉल्यूम दोनवर ठेवा, तरी पॉवर ट्यूब फुटल्याचा तोच आवाज येईल." मास्टर व्हॉल्यूम कमी केला की पॉवर ट्यूबपर्यंत सिग्नलच कमी पोचतो, मग त्या फुटणार कशा? आवाज फुटतो तो अलीकडचा, प्रीअ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या टप्प्याचा. पॉवर ट्यूबना काम करू देऊन आवाज उतरवायचा तर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये ताकद जिरवणारा अटेन्युएटर लागतो. हे मला माहीत होतं. पण हवं ते ऐकायला मिळत असलं की माहीत असलेलं आठवत नाही.

त्यांच्याकडे गेलो तेव्हा अ‍ॅम्प आधीच चालू होता. "तापवून ठेवलाय तुमच्यासाठी," म्हणाले. केवढी आपुलकी! वाजवलंही त्यांनीच आधी, आणि वाजवतात सुरेख. पायाशी एक छोटी डबी होती, "फक्त बूस्टर". मग गिटार माझ्या हाती दिली. वीस मिनिटं मी वाजवत होतो, ते शेजारी उभं राहून मी काय ऐकतोय ते मला सांगत होते. "हा दबला बघा सूर... आता फुलला." आणि मला ऐकू येत होतं हो! "क्लास ए" हा शब्द तर किती वेळा आला याची गणतीच नाही. (म्हणजे पॉवर ट्यूब सतत चालू ठेवणारी रचना. एसी३० खरंच क्लास ए आहे का यावर तंत्रज्ञ अजून हुज्जत घालतात, पण तो वाद इथे नको.)

अ‍ॅम्प मी एका हाताने उचलला. वजन अकरा-बारा किलो असेल. हा हलका कसा, असं विचारलंही. उत्तर तयार होतं: निओडिमियम चुंबकाचा स्पीकर. निओडिमियम स्पीकर खरोखरच बराच हलका असतो, त्यामुळे उत्तर पटलं. अर्ध्या तासापूर्वी याच माणसाने हाच स्पीकर अल्निकोचा म्हणून सांगितला होता, हे डोक्यात आलं नाही. मागच्या पत्र्यावर सील आणि सूचना होती: आत उच्च विद्युतदाब, उघडू नये, सील तुटल्यास वॉरंटी संपली. हेही खोटं म्हणता येत नव्हतं. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये तीनशे व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो, माहीतगार नसलेल्याने हात घालूच नये. खऱ्या भीतीचं इतकं चोख कुलूप मी दुसरं पाहिलेलं नाही.

पैसे रोख दिले. पावतीवर नुसतं "अ‍ॅम्प, १ नग".

पहिले दोन आठवडे मी स्वतःची समजूत काढत होतो. स्पीकर नवा आहे, रुळेल. गिटारचा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) बदलून बघू. तारा बदलून बघू. पण एक गोष्ट सुटत नव्हती: गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला की अशा अ‍ॅम्पचा आवाज स्वच्छ व्हायला हवा. माझा फक्त लहान होत होता, खरखर तशीच. कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) विरताना शेवटी माशी गुणगुणावी तसा आवाज यायचा. आणि सूर फुलणं? ते सांगणारा माणूस शेजारी नव्हता, त्यामुळे तेही नव्हतं.

शेवटी रेडिओ दुरुस्तीत हयात घालवलेल्या एका मित्राला बोलावलं. त्याने सील फोडायच्या आधीच दोन प्रश्न विचारले. "चालू केल्यावर किती वेळाने वाजतो?" लगेच, मी म्हणालो. ट्यूबचा फिलामेंट तापायला दहा-वीस सेकंद लागतातच, त्याआधी ती मुकी असते. "बरं, आणि ट्यूब गार?" ईएल८४ थोडा वेळ चालली तरी बोट लावता येत नाही. मग त्याने जाळीतून टॉर्च मारला आणि हसायलाच लागला. ट्यूबच्या डोक्यावर आतून आरशासारखा चंदेरी थर असतो. काचेतून हवा शिरली की तो दुधी पांढरा पडतो. माझ्या चारपैकी दोन ट्यूबची टाळकी दुधी होती. म्हणजे त्या केव्हाच मेलेल्या. आणि मी हेच "जुनेपण" म्हणून त्यांचे फोटो काढून चार जणांना पाठवले होते!

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक सॉकेटखाली एकेक नारिंगी एलईडी. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा, ट्यूब अ‍ॅम्पचा वजनदार भाग) म्हणून बसवलेला डबा पोकळ, त्याच्या तारा कुठेच जोडलेल्या नाहीत. कोपऱ्यात तळहाताएवढा छापील बोर्ड आणि त्यावर स्टिरिओत असते तसली पॉवर चिप. स्पीकरच्या वायरी थेट तिथून निघालेल्या. मित्राने मीटर लावून पाहिला, तीनशे व्होल्ट सोडाच, चाळीससुद्धा भरले नाहीत. मग मला म्हणाला, "तू वाजवत राहा." मी ई मेजर छेडत राहिलो आणि त्याने एकेक करून चारही ट्यूब उपटून टेबलावर ठेवल्या. आवाजात फरक शून्य. (खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये हा प्रयोग करू नका. आम्ही मोजून मगच केला.) अश्वत्थाम्याने पिठाचं पाणी प्यायलं तेव्हा निदान तो लहान तरी होता.

फोन केला तेव्हा आधी "हे हायब्रिड तंत्र आहे" असं ऐकलं, मग "सील तुम्ही तोडलं", मग फोन उचलणंच बंद. माझ्याकडे त्यांचे मेसेज होते म्हणून निर्धास्त होतो. शांतपणे परत वाचले तेव्हा थंड पडलो. "ट्यूब अ‍ॅम्प" हे दोन शब्द त्यांनी लेखी कुठेही वापरले नव्हते. "अस्सल ट्यूबसहित." "ट्यूबचा टोन शंभर टक्के." मी विचारलं होतं, चारही ट्यूब पॉवर स्टेजला आहेत ना? त्यावर उत्तर: "ऐकून तुम्हीच सांगा." मी लिहिलं होतं, "जबरदस्त!" तक्रार केली आहे, पण माझ्याच "जबरदस्त"ने ती लंगडी झाली आहे.

आजच्या काळातला अ‍ॅम्प म्हणून माझं कशाशी वैर नाही. छापील बोर्डावरचा ट्यूब अ‍ॅम्प ट्यूब अ‍ॅम्पच असतो, हाताने सोल्डर केला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. पूर्ण डिजिटल अ‍ॅम्पही चालतील. फेंडरने २०१९ मध्ये जुन्या डिलक्स रिव्हर्बची टोन मास्टर ही डिजिटल आवृत्ती काढली. ट्यूबवाला एकोणीस किलोंचा, ही साडेदहाच्या आसपास, आणि एकही ट्यूब नाही हे कंपनी उघड सांगते. तशी एखादी घेतली असती तर आज मी वाजवत बसलो असतो, लिहीत नव्हे.

आता कुणी मला अ‍ॅम्प पाहायला सोबत नेलं तर मी आदल्या दिवशीच निरोप देतो: आम्ही येईपर्यंत बंद ठेवा, गार हवा. बटण आम्ही दाबणार, सेकंद मोजणार. मधे पेडल (पायाशी ठेवायची डबी) नाही, सरळ एक वायर. अर्ध्या तासाने हाताचा तळवा मागच्या जाळीजवळ. मागचा पत्रा विकणाऱ्यानेच, वीज काढून, आमच्यासमोर उघडायचा. कुणाला तो अपमान वाटला तर वाटू दे. आणि ट्यूब किती, कोणत्या, कुठल्या टप्प्यात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आहे की नाही, हे पैसे देण्याआधी पावतीवर.

स्पीकर तेवढा बरा निघाला, अल्निको नाही आणि निओडिमियमही नाही, साधा फेराइटचा. तो काढून घेतला. रिकामी पेटी विकायला काढली आहे; परवा एकाने विचारलं, "एसी३० आहे का?" त्याला बाहेरचा फोटो पाठवायच्या आधी आतला पाठवला.