कॉलेज काउन्सेलिंग, एडिसन (न्यू जर्सी): संपादन छान, बाकी पैसे वाचवा

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन निबंध तपासणाऱ्या मुलीचे. नाव लिहीत नाही, धाकट्याचे अर्ज अजून व्हायचेत.

सप्टेंबर २०२४मध्ये लेकीसाठी चार हजार डॉलरचं पॅकेज घेतलं. पहिल्याच बैठकीत मालकांनी, अमेरिकी सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशात वंश बघणं बंद केल्यानंतरचे एमआयटीचे आकडे लावले: कृष्णवर्णीय विद्यार्थी आधीच्या सरासरी १३ टक्क्यांवरून ५वर, आशियाई ४७वर. “आपल्या लोकांसाठी गुड न्यूज!” सगळे खूश. मी गप्प. नागपुरात एससीच्या जागेवर इंजिनिअरिंग केलंय मी. हॉस्टेलवर ‘कोट्यातली’ ऐकत. यांच्या ‘आपल्या लोकां’त मी नक्की कुठे बसते? बरं, त्याच वर्षी येल आणि प्रिन्स्टनमध्ये आशियाई टक्का उतरला होता, ते स्लाइडवर नव्हतं.

पुढच्या भेटीत लेकीचा तबला अर्जातल्या उपक्रमांच्या यादीत तळाला ढकलला. “फार टिपिकल इंडियन दिसतं.” अहो, कोर्टाने वंश बघणं बंद केलं म्हणून पेढे वाटायचे, आणि पोरीचा तबला मात्र लपवायचा? हार्वर्ड आशियाई मुलांना स्वभावाचे मार्क कमी देतं, हीच तर त्या निकालामागच्या खटल्यातली तक्रार होती. आम्ही तबला पहिल्या नंबरवर ठेवला.

लेकीने अर्जाचा निबंध आजोबांवर लिहिला. बाबासाहेबांनी औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले ते. मालक म्हणाले, जात इथे कुणाला कळत नाही, काढा. जात म्हणजे वंश नव्हे, मान्य. पण २९ जून २०२३च्या त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलंय की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने सांगितलं, तर कॉलेज ते विचारात घेऊ शकतं. फक्त त्यातून त्या मुलाची जिद्द किंवा कुवत दिसली पाहिजे. मग आमच्याच पोरीने गप्प का बसायचं?

इथे ती संपादक मुलगी कामाला आली. मर्यादा ६५० शब्दांची. “आजोबांवर पाचशे, तुझ्यावर दीडशे. ॲडमिशन आजोबांना हवीय का?” असं तोंडावर विचारलं तिने. जातीचं स्पष्टीकरण खोडून शाळेतला वेगळा माठ तेवढा ठेवला. एका ओळीत काम झालं. मग आजोबांच्या पत्रांवरून लेक मोडी शिकली, तो भाग फुलवून घेतला.

तिचं संपादन तासावारीही मिळतं. वेबसाइटवर नाही, फोनवर मागावं लागतं.